तांब्याचा गणपती कोणी घडवला

मधुकर तांबटांविषयी लिहायचं मी आजवर टाळलं. दर काही वर्षांनी मंडळातला कोणी तरुण फोन करतो. "काका, तुम्ही जुने मेंबर. अंकासाठी सुरुवातीच्या दिवसांवर काहीतरी लिहा ना." मग मी लिहितो. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत तेव्हा भारतीय किराणा कसा मिळायचा नाही, गोडा मसाला सुटकेसमध्ये साड्यांच्या घड्यांत लपून कसा यायचा, कस्टमवाल्याने माझ्या सासूबाईंना हिंगाची डबी उघडायला लावली आणि मग स्वतःच कसा चार पावलं मागे सरला. लोक हसतात, फोन करून सांगतात की छान लिहिलंत. त्या लेखांत तांबट कुठेच नसतात. एकदा मी मंडळाच्या गणपतीवरच दोन पानं लिहिली, आणि त्यातही ते नव्हते.

आता सुधा, माझी पत्नी, गेली. डॉक्टर बर्वे गेले. तांबटही गेले. ज्याच्यासमोर मान खाली घालावी असं कोणी उरलं नाही, तेव्हा कुठे मी लिहायला बसलो आहे. याला धीर म्हणायचं असेल तर म्हणा.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बर्व्यांच्या घरी पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा. डॉक्टर बर्वे आमच्यातले सगळ्यांत आधी आलेले, सगळ्यांत मोठं घर असलेले. मंडळाच्या पूजाही तेच सांगायचे. तिथे एक नवं कुटुंब आलं होतं. बुटका, रुंद खांद्यांचा, मनगटं जाड असलेला माणूस. धातुशास्त्रात डॉक्टरेट, विमानांच्या इंजिनाची पाती बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. आवाज असा की तळघरात टेबलटेनिस खेळणारी मुलंसुद्धा थांबून वर बघायला लागली. पुढे त्यांनीच सांगितलं, तांबट आळीत वाढलेला माणूस हळू बोलायला शिकतच नाही. सकाळपासून चारी बाजूंनी ठोके पडत असतात, हळू बोललं तर आईलाही ऐकू जात नाही.

आपल्या लोकांची ओळख कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. आडनाव, मग गाव, मग "म्हणजे मूळचे...?" आणि पुढचं वाक्य अर्धवट सोडून द्यायचं. कोणीतरी म्हणालं, "तांबट? म्हणजे मूळचे...?"

"नाशिकचे. आणि होय, तेच," ते म्हणाले. "भांडी ठोकणारे. आता इंजिनाची पाती ठोकतो. ठोकणं काही सुटलं नाही."

सगळे जरा जास्तच हसले. मीही हसलो.

त्यांची एक खोड होती. कोणाच्याही घरी गेले की भांडं उलटं करून तळ बघायचे. वाटी, पेला, काहीही. कारागिराची खूण आहे का, कुठे आहे, ठोके कसे आहेत. त्या दिवशी त्यांच्या हातात बर्व्यांच्या आजोबांच्या वेळची चांदीची वाटी आली. वाटीत काठोकाठ बासुंदी होती. शालिनीवहिनी, तांबटांची पत्नी, लांबूनच डोळ्यांनी "नको, नको" करत होत्या. तांबटांनी एका दमात बासुंदी प्यायली, वाटी उलटी केली, दिव्याखाली धरली आणि ओरडले, "डॉक्टर! हे कोणी केलं?"

"आमच्या आजोबांनी पुण्याहून आणली."

"आणली त्यांनी. केली कोणी?"

"ते कसं माहीत असणार?"

"बघा," तांबट सगळ्यांकडे वळून म्हणाले. "बासुंदी कोणी केली ते माहीत आहे, बर्वेवहिनींचं कौतुक चाललंय. वाटी शंभर वर्षं टिकली, तिचा बाप कोण ते माहीत नाही."

हा त्यांचा आवडता विषय. जुन्या संस्कृतींत कारागिराची आणि व्यापाऱ्याची जागा कुठे होती, हे त्यांनी इतकं वाचलं होतं की धातुशास्त्र हा जोडधंदा वाटावा. ग्रीक नागरिक हाताने काम करणाऱ्याला राज्यकारभारात घ्यायला कसे नाखूश असत. चीनमध्ये आधी विद्वान, मग शेतकरी, मग कारागीर आणि सगळ्यांत खाली व्यापारी. आणि आपल्याकडे जुन्नरच्या, नाशिकच्या लेण्यांत कासारांची, वेळूकाम करणाऱ्यांची, विणकरांची नावं दगडात कशी कोरलेली आहेत. "दोन हजार वर्षांपूर्वी आमची श्रेणी होती," ते म्हणायचे. "लोक आमच्याकडे ठेव ठेवत. आम्ही दान द्यायचो आणि नाव कोरून घ्यायचो. बँक म्हणा, युनियन म्हणा. आणि वाणी? तेही तिथेच, शेजारच्या खांबावर."

"मग पुढे काय झालं?" मी एकदा विचारलं.

"मग लिहायचं काम पूर्णपणे तुमच्याकडे गेलं, कुलकर्णी."

हे ते मला हसत म्हणायचे. माझं आडनाव त्यांना फार आवडे. इजिप्तपासून कुलकर्ण्यापर्यंत लेखनिकांनी एकच केलं, कारागिराला कमी लेखलं आणि ते लिहून ठेवलं, असा त्यांचा सिद्धांत होता. मी विमा कंपनीत कम्प्युटर प्रोग्राम लिहायचो. "म्हणजे अजूनही लिहिताच," ते म्हणाले.

बर्व्यांकडच्या त्या रात्री मात्र त्यांनी एक गोष्ट बोलायला नको होती. बर्व्यांनी जरा चिडूनच विचारलं, "तुमच्या या उतरंडीत वैद्य कुठे बसतो हो?"

"ग्रीकांकडे कारागिरांतच. हाताने काम करणारा ना! आणि आपल्या शास्त्रांत तर वैद्याच्या घरचं अन्न वर्ज्य." तांबटांनी रिकामी वाटी खाली ठेवली. "तुमची बासुंदी मी प्यायलो, डॉक्टर, हा माझा उदारपणा समजा."

हसण्याचा स्फोट झाला. बर्वेही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते वाक्य ते विसरले नाहीत. तांबट नम्र नव्हते, हे मला सांगायलाच हवं. मेलेल्या माणसाला गरीब गाय करून टाकायची आपल्याला सवय असते. ते भांडखोर होते, स्वतःच्या ज्ञानाची त्यांना मिजास होती, आणि समोरच्याला लागेल ते नेमकं शोधून बोलत. पण बोललेलं दुसऱ्या दिवशी विसरून तुमच्या बंद पडलेल्या गाडीखाली सरपटत शिरायलाही तेच आधी यायचे.

चर्चच्या तळघरातली एक खोली घेऊन मंडळाने मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली होती. इतिहासाचा तास तांबटांकडे. राजे, लढाया, सनावळ्या त्यांनी शिकवल्याच नाहीत. एक वस्तू घेऊन यायचे, मुलांच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "हे कोणी केलं?" माझी अनघा तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. घरी येऊन ती टोस्टर उलटा करून बघायला लागली. सुधा म्हणाली, "तुमचे तांबट माझ्या घराचा खुळखुळा करणार."

एका रविवारी मी अनघाला आणायला लवकर गेलो आणि मागच्या खुर्चीवर बसलो. मुलांनी मातीच्या बाहुल्या केल्या होत्या. तांबट मेसोपोटेमियाबद्दल सांगत होते. तिथे देवाची मूर्ती पुरी झाली की देवळात नेण्याआधी एक विधी होई. ज्या कारागिरांनी मूर्ती घडवली, त्यांचे हात वस्त्राने बांधायचे आणि लाकडी तलवारीने ते तोडल्याचं सोंग करायचं. मग कारागिरांनी शपथ घ्यायची, ही मी घडवली नाही, देवाने घडवली.

"दॅट्स सो मीन!" एक मुलगा म्हणाला.

"डिड इट हर्ट?"

"लाकडाची तलवार रे. लागत नाही. चला, कोण होतं कारागीर?"

त्यांनी गळ्यातला लोकरीचा मफलर काढला. एकेक मूल पुढे यायचं, मनगटं जोडून धरायचं, ते मफलर गुंडाळायचे, फूटपट्टीने हलकेच वार करायचे. मूल म्हणायचं, "मी नाही घडवलं." हसाहस चालली होती. अनघाची पाळी आली. तिने मातीचा हत्ती केला होता. तिचे हात बांधले, वार झाला, आणि ती गप्पच.

"म्हण, बाळ."

"बट आय डिड मेक इट."

"तिथे तसं म्हणून चालत नाही."

"बट आय डिड!" तिचे डोळे भरून आले होते.

तांबटांनी मफलर सोडला. खिशातून कसली तरी गोळी काढून तिच्या हातावर ठेवली आणि मोठ्याने, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणाले, "पाच हजार वर्षांत हे बोलणारी तू पहिली." मग माझ्याकडे बघून, "कुलकर्णी, तुमच्या घराण्यात ही कुठून आली?"

परत येताना मला फार बरं वाटत होतं. माझ्या मुलीचं कौतुक झालं होतं. बाकी कशाचा मी विचार केला नाही.

त्या वर्षी वसंतात त्यांचे वडील नाशिकहून आले. सगळे त्यांना दादा म्हणायचे. ऐंशीच्या आसपासचे, वाळलेले, आयुष्यभराच्या ठोक्यांनी कान जवळजवळ गेलेले. दिवसभर ते गराजमध्ये बसत, कारण घरात गालिचा होता आणि गालिच्यावर काय करायचं ते त्यांना कळत नसे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तांबटांनी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "हे कुलकर्णी!" तसे दादा स्टुलावरून उठून उभे राहिले आणि "या रावसाहेब" म्हणाले.

"दादा, बसा!" तांबट चिडले. "हे अमेरिकेतले कुलकर्णी आहेत. घरची भांडी स्वतः घासतात!"

दादा बसले नाहीत. मी बसल्यावर बसले.

एकदा तांबट मला म्हणाले, "यांनी घडवलेली घंगाळं, बंब नाशकातल्या घराघरांत आहेत. घेऊन जायचे डोक्यावरून. भांडं आत जायचं, माणूस पायरीवर. मी बरोबर असायचो. भांडं आत नेऊन आधी चिंचेने घासायचे, आमचा हात लागलेला म्हणून. आत कौतुक चालायचं ते बाहेर ऐकू यायचं. सुरेख आहे हो, सुरेख आहे. पायरीवर येऊन कोणी सांगायचं नाही."

गणपतीसाठी मंडळाने त्या वर्षी मोठी मूर्ती भारतातून मागवायचं ठरवलं होतं. बर्व्यांनी ते पुण्यातल्या आपल्या मेव्हण्यांवर सोपवलं आणि स्वतः कोणाच्या तरी लग्नासाठी भारतात गेले. ते परतणार होते थेट चतुर्थीच्या आदल्या रात्री. मूर्ती आधी विमानाने आली. मी तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी. खोकं उघडलं तर पेंढ्यात शाडूचा ढीग. एक कान आणि मोदक तेवढा शाबूत होता.

मी तो ढीग तसाच गाडीत घालून तांबटांकडे गेलो. त्यांनी कान हातात घेतला, आतून बघितला, खाली ठेवला. "हे जुळणार नाही," म्हणाले. "तांब्याची करू. विसर्जनाची कटकट नको, दर वर्षी तीच ठेवता येईल. आणि दादा आहेत, तोवर करून घेऊ."

"वेळेत होईल?"

"होईल. पण एक अट आहे."

"बोला ना."

"नाव घ्यायचं. माईकवर. माझं नाही घेतलंत तरी चालेल. दादांचं घ्या. ते हॉलमध्ये बसलेले असताना, सगळ्यांसमोर, ही मूर्ती यांनी घडवली."

"एवढंच ना? घेतलं."

"घेतलं म्हणू नका. घेईन म्हणा."

"घेईन," मी म्हणालो.

घरांच्या छपरांना लावायचा तांब्याचा पत्रा त्यांनी कुठल्याशा गोदामातून आणला. ऑफिसातून आले की बापलेक गराजमध्ये. पत्रा लाल तापवायचा, पाण्यात बुडवायचा, मग ठोके. दादांना आपला ठोका ऐकू येत नव्हता. ते डावा तळवा पत्र्याला टेकवून ठेवायचे आणि हाताने ऐकायचे. शेजारच्या अमेरिकन बाईने आवाजाची तक्रार केली. मग ती बघायला आली, आणि दुसऱ्या दिवशी घडीची खुर्ची घेऊन आली. मीही रोज जायचो, कधी अनघाला घेऊन; मंडळात मात्र चतुर्थीपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. सोंडेचं वळण येताना पाहिलं, पोटावर ठोक्यांची जाळी उठताना पाहिली. शेवटी चिंचेने घासून मूर्ती उजळली तेव्हा दादांनी पाठीमागे, खाली, आतल्या कडेला एक खूण उठवली. अर्धा चंद्र आणि त्याखाली तीन ठिपके. त्यांच्या प्रत्येक भांड्याच्या तळाला हीच खूण असे. मला जवळ बोलावून त्यांनी ती बोटाने चाचपायला लावली.

चतुर्थीला भाड्याने घेतलेला हायस्कूलचा हॉल भरला होता. बर्वे विमानतळावरून रात्री उशिरा आलेले, डोळे तांबारलेले, सोवळं नेसून थेट स्टेजवर आले. मूर्तीसमोर थबकले. हात जोडले. त्यांचे डोळे खरंच भरून आले.

"कुलकर्णी," ते म्हणाले, "म्हणून मी सांगत होतो, मूर्ती तिकडूनच आणायची. हे इथे कोणाला जमणार? मेव्हण्यांना आजच फोन करतो."

कोणती मूर्ती पाठवली हे मेव्हण्यांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात ते म्हणाले, "नाहीतर ते तुमचे मित्र, गराजमध्ये काहीतरी ठोकून आणायचे. मी तर पूजा सांगितलीच नसती."

हे थट्टेत होतं का? आजही मी सांगू शकत नाही. समोर एवढी माणसं, पूजा सांगणारे तेच एकटे, यजमान जोडपं पाटावर बसलेलं. मी मनात म्हटलं, आता विषय नको. आरती होऊ दे. आरतीनंतर मी आभार मानणारच आहे, तेव्हा सांगू.

आरती झाली. मी माईक हातात घेतला. बर्वे माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभे. समोर डाव्या हाताला, मधल्या वाटेच्या कडेच्या खुर्चीवर दादा बसले होते. पांढरं धोतर, कोट, काळी टोपी. तांबटांनी रेशमी झब्बा घातला होता आणि केस पाणी लावून बसवले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा एक हात दादांच्या खांद्यावर होता.

मी हॉलचे आभार मानले. मोदक करणाऱ्या बायकांचे मानले. तबला वाजवणाऱ्याचे मानले. मग म्हणालो, "आणि ही सुंदर मूर्ती थेट भारतातून पाठवल्याबद्दल डॉक्टरांच्या मेव्हण्यांचे आपण सगळे ऋणी आहोत."

टाळ्या पडल्या.

कोणी माझ्या डोक्यावर बंदूक धरली नव्हती. मी घाबरलो असंही नाही. बर्वे चिडले असते, दोन महिने बोलले नसते, एवढंच. खरं कारण शोधायला मला पुष्कळ वर्षं लागली. मला तो प्रसंग बिघडवायचा नव्हता, आणि तांबटांना दिलेला शब्द मोडणं मला प्रसंग बिघडवण्यापेक्षा हलकं वाटलं. बर्व्यांचा शब्द मोडणं हलकं वाटलं नसतं. एका माणसाला दुखवलं तर काही होत नाही, दुसऱ्याला दुखवलं तर होतं, हे मला न मोजता कळलं होतं. ते मी कुठे शिकलो, हे तांबटांनी मला सांगून झालं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादांच्या खांद्यावरचा हात काढला, दोन्ही मनगटं एकमेकांना जोडली आणि छातीपुढे धरली. बांधल्यासारखी. ते हसत होते. हॉलमध्ये ती खूण कळणारी फक्त शाळेतली मुलं होती, आणि मी.

प्रसादाचं ताट घेऊन मी घाईने खाली उतरलो. काय बोलणार होतो कोण जाणे. त्यांच्यापर्यंत पोचलो, तर दादा टाळ्या वाजवत होते. इतरांचं बघून वाजवत होते. टाळ्या थांबल्यावर त्यांनी मुलाचा झब्बा ओढला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, "झालं का रे? घेतलं का नाव?"

तांबट खाली वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "घेतलं, दादा. घेतलं."

दादा उठले. माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "रावसाहेब, उपकार झाले," म्हणाले. मी त्यांच्या ओंजळीत मोदक ठेवला.

गाडीत अनघा मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. सुधा म्हणाली, "काय झालं गं?" घरी पोचून गराजचं दार उघडताना अनघा म्हणाली, "बाबा, यू न्यू." एवढंच. तिने नंतर रविवारच्या शाळेत जायचं नाव काढलं नाही. काढलं असतं तरी शाळेत इतिहासाचा तास राहिला नव्हता.

दादा थंडी पडायच्या आत नाशिकला परतले आणि त्याच हिवाळ्यात गेले. तिकडे त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे, अमेरिकेत भरल्या सभेत माझं नाव घेतलं. हे मला शालिनीवहिनींकडून कळलं. तांबट मंडळात परत आले नाहीत. मूर्ती त्यांनी मागितली नाही. फोन केला की वहिनी उचलायच्या आणि "ते बाहेर गेलेत" म्हणायच्या. मागून त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. तो आवाज लपण्यासारखा नव्हता.

एकदाच गाठ पडली, भारतीय दुकानात. ते स्टीलच्या भांड्यांपाशी उभे होते. सवयीने एक पातेलं हातात घेतलं, पण उलटं केलं नाही. तसंच ठेवून दिलं.

"तांबट," मी म्हणालो, "मला तुमच्याशी..."

"काही बोलू नका, कुलकर्णी." पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "तुम्ही काही चूक केली नाही. जगभर ज्या क्रमाने होतं त्याच क्रमाने केलंत. मूर्ती घडवून घ्यायची, हात बांधायचे, मग पूजा. मीच मुलांना शिकवायचो." मग जरा थांबून, "फक्त म्हाताऱ्याशी मला खोटं बोलायला लावलंत. ते पुस्तकात नव्हतं."

ते पैसे द्यायला गेले. मी तुरीच्या डाळीच्या पोत्यापाशी उभा राहिलो. बाहेर जाऊन त्यांना गाठता आलं असतं. मी डाळ घेतली.

बर्व्यांच्या मेव्हण्यांनी फोनवर किंवा पुढे पत्रात कळवलं असेलच की आम्ही शाडूची मूर्ती पाठवली होती. बर्वे त्याबद्दल मला कधी बोलले नाहीत. मीही नाही. दर वर्षी मूर्ती निघते, चिंचेने घासली जाते, आता कुठल्याशा पॉलिशने. दर वर्षी कोणीतरी माईकवर सांगतं की ही पुण्याची. म्हणून इथे लिहून ठेवतो: ती पुण्याची नाही. ती पार्सिपनीतल्या एका गराजमध्ये मधुकर तांबट आणि त्यांचे वडील दादा तांबट यांनी घडवली. ज्याला खोटं वाटेल त्याने मूर्तीच्या पाठीमागे खाली, आतल्या कडेला बोट फिरवून बघावं.

दशक संपता संपता कळलं की तांबटांना पक्षाघाताचा झटका आला. नोकरी गेली, घर विकलं, आणि त्यांची मुलगी मेधा त्यांना आणि शालिनीवहिनींना ओहायोत डब्लिनला घेऊन गेली. ती तिथे एका कंपनीत होती. सुधा म्हणाली, "आता तरी जाऊन या. मी येते बरोबर." आम्ही ड्राइव्ह करत गेलो. अख्खं पेनसिल्व्हेनिया ओलांडताना मी एक वाक्य जुळवत होतो. सुधाला कळत होतं. तिने रेडिओ लावला नाही.

ते खिडकीपाशी खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कोणी दुसऱ्याने ठेवल्यासारखा. वाचा गेली होती. त्या आवाजाच्या माणसाच्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मेधा म्हणाली, "काका, बोला ना त्यांच्याशी. बाबांना सगळं कळतं. एव्हरीथिंग."

मी बसलो. हवेबद्दल बोललो. रस्त्यातल्या बांधकामाबद्दल बोललो. अनघा कॉलेजात गेली म्हणालो. मेधा चहा करायला आत शालिनीवहिनींकडे गेली, सुधाही मुद्दाम तिच्यामागे गेली. आम्ही दोघंच उरलो. ते माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत राग नव्हता. वाट बघत होते, असं मला वाटलं. मी म्हणालो, "यंदा मंडळाने नवा हॉल घेतलाय. पार्किंग पुष्कळ आहे."

त्यांनी डाव्या हाताने माझा उजवा हात धरला, भांडं उलटं करावं तसा उताणा केला, आणि तळव्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग सोडून दिला. मेधा चहा घेऊन आली.

निघालो तेव्हा अंगणात बर्फ होतं. गाडीपाशी पोचून मी वळून पाहिलं. ते खिडकीत होते. डाव्या हाताने त्यांनी उजवा हात मनगटाशी धरून उचलला. तो खाली पडला. पुन्हा उचलला आणि काचेपाशी दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून धरली. तो नमस्कार होता की ते दुसरं, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.

सुधाने गाडी सुरू केली होती. ती म्हणाली, "जा ना आत. जा. मी थांबते."

घराचं दार दहा-बारा पावलांवर होतं. वाक्य लांब नव्हतं. 'तांबट, मूर्ती तुम्ही आणि दादांनी घडवलीत, आणि मी हे माहीत असून बोललो नाही, मला क्षमा करा.' मी गाडीचं दार उघडून आत बसलो आणि म्हणालो, "चल, रस्ते घसरडे होतील."